आई-आप्पांना डाखाऊ दाखवावं का? (दाखवून आलो)

इसारकाठ

मागच्या महिन्यात इथेच विचारलं होतं की आई-आप्पा दोन महिने येतायत, म्युनिकच्या आसपास काय काय दाखवू. यादी झकास मिळाली, सगळ्यांचे आभार. त्यात एकाने डाखाऊ, म्हणजे नाझींची जुनी छळछावणी, लिहिलं होतं आणि खाली दोघांनी "म्हाताऱ्या माणसांना कशाला तिकडे नेताय" असं लिहिलं होतं. मलाही ते पटलं होतं. तरी गेलो, कारण विषय आप्पांनीच काढला.

आमच्या घराजवळून एस-टू लोकल जाते. डब्यातल्या पट्टीवर स्टेशनांची नावं असतात, ती आप्पा पहिल्या दिवसापासून सातबारा वाचावा तशी वाचतायत. तिसऱ्या दिवशी एका नावावर बोट ठेवून म्हणाले, "हे ते डाखाऊच का रे?" म्हटलं हो, तेच. "इतकं जवळ?" मुख्य स्टेशनातून वीस-पंचवीस मिनिटं. ते गप्प झाले. रात्री जेवताना म्हणाले, राजवाडे पुष्कळ झाले, तिथे जाऊ. आईचं माहेर पुण्याचं, तिला कॅम्प म्हटल्यावर एम. जी. रोड आणि श्रूजबेरी बिस्किटंच आठवतात. तिला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, चला, मी बाहेर बसेन.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हिटलर चान्सेलर झाला जानेवारी १९३३ मध्ये आणि डाखाऊची छावणी सुरू झाली २२ मार्च १९३३ ला. म्हणजे दोन महिन्यांच्या आत. जुना, बंद पडलेला दारूगोळ्याचा कारखाना होता, त्या जागेवर. हिमलर तेव्हा म्युनिकचा पोलीसप्रमुख. त्याने हे काही चोरून केलं नाही, आदल्या दिवशी वर्तमानपत्रात रीतसर बातमी होती की पाच हजार माणसं मावतील अशी छावणी उघडतोय. सुरुवातीला कम्युनिस्ट, समाजवादी, कामगार संघटनांचे लोक. मग ज्यू, समलिंगी, जिप्सी, यहोवाचे साक्षीदार, पाद्री, पुढे युद्धात जिंकलेल्या देशांमधून आणलेले लोक. १९४५ च्या २९ एप्रिलला अमेरिकन सैन्य आत शिरेपर्यंत, बारा वर्षांत, दोन लाखांहून जास्त माणसं इथे आणि हिच्या उपछावण्यांत होती. त्यातली किमान ४१,५०० मेली.

आता आत. फाटकावर ते कुप्रसिद्ध वाक्य आहेच, "काम मुक्त करतं". त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे मला तिथे फारसं काही झालं नाही, खरं सांगतो. आप्पाही झटकन पुढे गेले. समोर हजेरीचं मैदान, खडी पसरलेलं, अवाढव्य. उजवीकडे लांबलचक इमारत, जिथे मुदपाक, धोबीखाना, कोठारं होती. आता तिथे संग्रहालय आहे. या इमारतीच्या छपरावर त्या काळी मोठ्या अक्षरांत मजकूर रंगवलेला होता. स्वातंत्र्याकडे जाणारा एक रस्ता आहे, त्याच्या मैलाच्या दगडांची नावं: आज्ञापालन, उद्योग, प्रामाणिकपणा, सुव्यवस्था, स्वच्छता, निर्व्यसनीपणा, सत्य, त्याग आणि मातृभूमीवर प्रेम. ऑडिओगाइड ऐकून मी आप्पांना मराठी करून सांगत होतो. आप्पा म्हणाले, "आमच्या शाळेच्या व्हरांड्यात हेच होतं की. गेरूनं लिहिलेलं." एवढंच बोलले, पण मला ते पुरलं.

आप्पा जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. आवक-जावक, सेवापुस्तकं, डेडस्टॉक, यात आयुष्य गेलं. संग्रहालयात एक खोली आहे, नव्या कैद्यांची नोंदणी जिथे व्हायची ती. भिंतीवर अजून जुन्या अक्षरांत "धूम्रपान मनाई आहे" असं जर्मनमध्ये दिसतं. इथे माणूस आत यायचा, त्याचे कपडे, घड्याळ, अंगठी, कागद काढून घ्यायचे, डोकं भादरायचे, अंगावर पट्ट्यांचा गणवेश आणि एक नंबर. काढून घेतलेल्या वस्तूंचं कार्ड बनायचं. छापील कार्ड: टोपी, ओव्हरकोट, कोट, विजार, वेस्कोट, पुढे आकडा. असली कार्डं काचेखाली आहेत. आप्पा तिथे वाकले ते उठेचनात. मला वाटलं पाठ धरली. "अक्षर बघ," म्हणाले. "एक खाडाखोड नाही." मग बोट खाली सरकवलं. "ही सही कुणाची?" मी वाचून सांगितलं, की कैद्याचीच, वस्तू जमा केल्याबद्दल. आप्पा सरळ झाले, चष्मा काढला. "म्हणजे पोच घेतलीय रे त्याच्याकडनं."

छावणीतलं भयंकर असं बरंच पाहिलं त्यानंतर. भट्ट्या पाहिल्या, "ब्राउसबाड" म्हणजे न्हाणीघर असं दारावर लिहिलेली गॅसची कोठडी पाहिली (या कोठडीत सामूहिक हत्या झाल्या नाहीत, असं तिथेच स्पष्ट लिहिलंय). पण मी घरी आलो ते पोच हा शब्द घेऊन.

आई बाहेर पॉपलरच्या झाडांखाली बाकावर बसली होती. सकाळी दशम्या आणि चटणी बांधून घेतली होती तिने. दोन वाजले तरी डबा उघडला नाही. मी म्हटलं, अगं तुझी शुगर. "इथे नको." बसस्टॉपवरही नको. शेवटी डाखाऊ स्टेशनच्या फलाटावर खाल्लं.

मुलाला (वय ९) मित्राकडे ठेवलं होतं. तो आता रोज विचारतोय की तुम्ही कुठे गेला होतात. कुणी मुलांना नेलंय का?


चहाबाज

वाचलं. "छान लिहिलंय" म्हणायला हात धजत नाही. पोच वाचून माझ्या वडिलांचं टेबल डोळ्यांसमोर आलं, तेही तहसीलमध्ये होते.

फाटक खरं आहे का रे ते? मध्ये चोरीला गेलं होतं ना?


इसारकाठ

@चहाबाज, हो. नोव्हेंबर २०१४ मध्ये रात्रीतून त्या वाक्याची लोखंडी झडप कुणीतरी उचलून नेली. दोन वर्षांनी थेट नॉर्वेत, बर्गनजवळ सापडली. आता मूळ झडप संग्रहालयात आणि फाटकाला नक्कल. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, भंगारवाला असेल. असेलही. कुणी केलं ते कळलेलं नाही.


मिरजमळा

तुमच्या भावनांचा आदर आहे, पण एक प्रामाणिक प्रश्न. आयुष्यभर काटकसर करून आईवडील पहिल्यांदा परदेशात आलेत. त्यांना आल्प्स दाखवा, तळी दाखवा. मढी जाळायच्या जागा कशाला? आमच्याकडे स्मशानातून आलं की आंघोळ करतात.


इसारकाठ

केली. दोघांनीही, घरी आल्या आल्या, न बोलता.

आल्प्सही दाखवलेत हो. आप्पांना तिथे झोप आली.


बासनगुंडाळ

धागाकर्त्याच्या वडिलांना नमस्कार सांगा. मीही पुराभिलेखात घासलेला माणूस. मात्र एक भर घालतो, कारण "सुंदर अक्षर" वाचून कुणाचा गैरसमज होईल. छावणीच्या कचेरीतलं बरंचसं लिखाण कैद्यांकडूनच करवून घेत असत. भाषा येणारे, टंकलेखन येणारे, हिशेब ठेवणारे कैदी निवडून त्यांना कारकून करत. तेव्हा ते वळणदार अक्षर वरच्या गणवेशवाल्याचं असेलच असं नाही. बहुधा पट्टेवाल्या कपड्यातल्याच कुणाचं.

आणि या कारकुनांच्या हातात काय ताकद होती त्याचा दुसऱ्या छावणीतला दाखला. बुखेनवाल्ड, १९४४. स्तेफान एसेल नावाचा फ्रेंच प्रतिकारातला माणूस फाशीच्या यादीत होता. तिथे ऑयगेन कोगोन हा कैदी एसएसच्या (नाझींच्या निमलष्करी दलाच्या) डॉक्टरचा कारकून होता. त्याने आणि इतरांनी मिळून टायफसने मेलेल्या एका कैद्याच्या नावावर एसेलला आणि एसेलच्या नावावर त्या मेलेल्याला चढवलं. दप्तरी एसेल मेला. प्रत्यक्षात पुढे मुत्सद्दी झाला आणि पंचाण्णव वर्षं जगला. नोंदीत खाडाखोड न करता केलेला बदल. आप्पांना हे आवडेल.

शिवाय ती जप्त केलेली घड्याळं, पाकिटं, फोटो: त्यातल्या काही वस्तू अजून बाड आरोल्सेन इथल्या अभिलेखागारात आहेत. कोट्यवधी लोकांची कागदपत्रं आहेत तिथे, बरीच आता इंटरनेटवर फुकट पाहता येतात. ते लोक आजही वारस शोधून वस्तू परत करतात. म्हणजे पोच घेतली होती, ती काहींच्या बाबतीत ऐंशी वर्षांनी वटते आहे.


इसारकाठ

@बासनगुंडाळ काका, हे आत्ता आप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. कैदीच कारकून होते म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मग नकार कसा देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. एसेलची गोष्ट दोनदा वाचायला लावली.


शिस्तप्रिय

सगळं मान्य. अत्याचार झाले, वाईटच. पण दुसरी बाजूही असते. हरलेल्या, कंगाल देशाला त्या माणसाने सहा वर्षांत उभं केलं. ऑटोबान कुणी बांधले? आपल्याकडे तशी थोडी शिस्त हवीच होती असं अजूनही वाटतं.


वैजूबाई

मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. आमच्या शाळेत एका सरांना मुलं हिटलर म्हणायची आणि सरांना ते आवडायचं. वसतिगृहाला छळछावणी म्हणायची. आपल्या भाषेत हे दोन्ही शब्द इतके गुळगुळीत झालेत की त्यांना धारच उरली नाही. फुटपाथवर त्याचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. शिस्तप्रिय, तुम्हाला दोष देत नाही, तुम्ही तेच वाचत मोठे झालात.

ऑटोबानबद्दल: कोलोन ते बॉन हा पहिला तसा रस्ता १९३२ मध्ये खुला झाला. तेव्हा हा माणूस सत्तेवर नव्हता. उद्घाटन केलं कोलोनचे महापौर आडेनाउअर यांनी, ज्यांना पुढच्याच वर्षी नाझींनी पदावरून हाकललं.

आणि शिस्त म्हणाल, तर डाखाऊत ती होतीच. तिथल्या पेंढ्याच्या गाद्या रोज सकाळी फळीसारख्या सपाट, कडा काटकोनात अशा लावायच्या असत. रेघ वाकडी दिसली तर मार, उपास किंवा हात मागे बांधून खांबाला टांगणं. मी पाहून आले आहे. त्या बराकीत पलंग पुन्हा बांधून ठेवलेत, तीन काळांतले तीन नमुने. सुरुवातीला प्रत्येकाला वेगळा, शेवटी नुसत्या फळ्या. सहा हजारांसाठी बांधलेल्या छावणीत अखेरीस तीस हजारांहून जास्त माणसं होती.

जाता जाता एक. मराठीत आपण ऑशविट्झलाही छळछावणी म्हणतो आणि डाखाऊलाही. डाखाऊ ही कोंडून, राबवून, उपाशी ठेवून, आजारांनी आणि गोळ्या घालून माणसं संपवणारी छावणी. ऑशविट्झमध्ये याच्या जोडीला गाडीतून उतरवून थेट गॅसकडे नेणारा कारखाना होता, तिथे सुमारे ११ लाख मारले, त्यातले १० लाखांच्या आसपास ज्यू. छळ हा शब्द दोन्हीकडे तोकडाच पडतो, पण दुसऱ्याला मृत्युछावणी तरी म्हणावं.


रंकाळा

बाई, दंडवत.

आमच्या कोल्हापूरचा एक संबंध सांगतो. वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलिश लोकांची वसाहत होती, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. आमची आज्जी सांगायची, ती पोरं वळिवडे स्टेशनाजवळ खेळायची, मराठी शिव्या झ्याक द्यायची. आता लोकं गल्लत करत्यात की ही हिटलरच्या छावणीतनं सुटलेली. तसं न्हाई. त्यांना स्टालिननं पोलंडातनं उचलून सैबेरियात टाकलं होतं, तिथनं इराणमार्गे हिकडं आली. म्हंजे एकाच देशाला दोन्हीकडनं धरलेलं. डाखाऊत पाद्र्यांचा वेगळा ब्लॉक होता ना? त्यात सगळ्यात जास्त पोलिशच हुते.


इसारकाठ

@रंकाळा, बरोबर. सुमारे २,७०० धर्मगुरू होते, बहुतेक कॅथलिक, त्यातले हजाराच्या वर गेले. आता बराकी नाहीत, फक्त काँक्रीटच्या चौकटी आखून ठेवल्यात आणि पुढे ब्लॉकचा नंबर. आईने लांबून पाहून विचारलं, "ह्या जोत्यांवरची घरं कुठे गेली?" आता याचं उत्तर ऐका. युद्धानंतर त्याच बराकींत निर्वासित राहिले, पूर्वेकडून हाकललेले जर्मन. संसार मांडले, दुकानंबिकानं होती. १९६५ मध्ये स्मारक झालं तेही वाचलेल्या कैद्यांनी पाठपुरावा केला म्हणून. सरकारला घाई नव्हती. बराकी जीर्ण झाल्या म्हणून पाडल्या आणि दोन नव्याने बांधल्या.


सुगम

नूर इनायत खानची पाटी पाहिलीत का? कुणीच लिहिलं नाही म्हणून.

वडील हजरत इनायत खान बडोद्याचे. त्यांचे आजोबा मौलाबक्ष म्हणजे सयाजीराव महाराजांच्या पदरचे गवई, बडोद्याच्या गायनशाळेचे पहिले चालक. बडोद्याच्या मराठी घरांत हे नाव अजून आदराने घेतात. नूर जन्मली मॉस्कोत, वाढली पॅरिसजवळ, वीणा वाजवायची, मुलांसाठी जातककथा इंग्रजीत लिहिल्या. जून १९४३ मध्ये ब्रिटिशांनी तिला गुप्त वायरलेस ऑपरेटर म्हणून फ्रान्समध्ये उतरवलं. बाकीचे सहकारी पटापट पकडले गेले तरी ती पॅरिसमध्ये यंत्र घेऊन जागा बदलत राहिली. ऑक्टोबरात पकडली. फोर्झहाइमच्या तुरुंगात महिनोन्महिने बेड्यांत. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊत आणखी तीन बायकांबरोबर गोळी घातली. तीस वर्षांची होती.


इसारकाठ

पाहिली. भट्टीच्या इमारतीत, त्या चौघींची नावं एकाच पाटीवर. आप्पांना बडोद्याचं माहीत नव्हतं, आत्ता तुमच्यामुळे कळलं. कळलं असतं तर तिथे जास्त वेळ थांबलो असतो. कदाचित आईही आत आली असती.


फ्रांकफुर्टची_काकू

थोडं अवांतर, चालेल ना?

दिवाळीत मी जिन्यातल्या दारासमोर रांगोळी काढली होती, मधोमध स्वस्तिक. दुपारी वरच्या मजल्यावरच्या आजीबाई जिना चढता चढता थबकल्या. ऐंशीच्या पुढच्या. मी दार उघडलं तर त्या रांगोळीकडे बघत उभ्या. मी धावत जाऊन सगळं सांगितलं, शुभचिन्ह आहे, हजारो वर्षांचं, त्यांचं ते वेगळं, तिरकं. त्यांनी ऐकून घेतलं, "हो, मला माहितेय" म्हणाल्या, आणि कठड्याला धरून वर गेल्या. पाय मात्र रांगोळीपासून दूर ठेवून, भिंतीला घासून गेल्या.

इथे नाझी चिन्हं जाहीर दाखवणं गुन्हा आहे, आपलं ते नाही, वगैरे मला ठाऊक आहे. पण त्या दिवसापासून मी स्वस्तिक दाराच्या आत काढते, बाहेर पणती आणि लक्ष्मीची पावलं.


शिस्तप्रिय

काकू, हे मात्र पटत नाही. आपलं चिन्ह, आपण का लपवायचं? लाज त्यांनी बाळगावी.


फ्रांकफुर्टची_काकू

लाज नाही हो वाटत. त्या आजींचे गुडघे दुखतात, रोज त्याच जिन्याने जातात. एवढंच.


संपादक

स्वस्तिकावर चर्चा करायची तर वेगळा धागा काढा. नेताजी आणि बर्लिन यावर आलेले चार प्रतिसाद उडवले आहेत, विषय तो नाही.


केळीचं_पान

मुलांबद्दल विचारलंय त्यावर. साधारण बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना प्रदर्शन दाखवू नये असं स्मारकवालेच सुचवतात. आमची लेक म्युनिकलाच शिकते. बव्हेरियात जिम्नॅशियमच्या (इथल्या माध्यमिक शाळेच्या) मुलांना शाळेतर्फे छावणीचं स्मारक दाखवतातच. नववीत नेलं. आधी वर्गात तयारी, तिथे मार्गदर्शक, आल्यावर पुन्हा चर्चा. ती घरी येऊन म्हणाली, आमच्यातले दोघं तिथे हसत होते, बाईंनी त्यांना रागावलं नाही, बाहेर नेऊन बसवलं. हसू कधी कधी भीतीनेही येतं म्हणाल्या.

९ वर्षांच्याला नेऊ नका, पण खोटंही सांगू नका. "पूर्वी एक तुरुंग होता, जिथे गुन्हा न केलेल्या माणसांना ठेवायचे, ते पाहायला गेलो" एवढं पुरतं. पुढचं तो विचारेल तेव्हा.

आणि मोठ्यांना विनंती. कुंपणाच्या तारांना टेकून, गॉगल लावून फोटो काढणारे आपले लोक मी स्वतः पाहिलेत. हजेरीच्या मैदानाजवळ नांदोर ग्लीड या शिल्पकाराचं ब्राँझचं मोठं शिल्प आहे, काटेरी तारेत अडकलेले देह, तेच तार झालेले. या शिल्पकाराचे वडील ऑशविट्झमध्ये मारले गेले. त्याखाली बोटांनी व्हीची खूण करून फोटो काढलेला मंडळाच्या ग्रुपवर आला होता. मी काही बोलले नाही, बोलायला हवं होतं.


चहाबाज

पुढच्या आठवड्यात म्युनिकला येतोय कामासाठी. शनिवार मोकळा आहे. कसं जायचं ते एका ठिकाणी लिही ना.


इसारकाठ

एस-टू, पीटर्सहाउझेन किंवा आल्टोम्युन्स्टरकडे जाणारी, डाखाऊला उतर. स्टेशनाबाहेर ७२६ नंबरची बस, थेट स्मारकाशी. तिकीट एम-१ झोनचं काढ, नुसतं एम काढलंस तर दंड भरशील. चालायची हौस असेल तर स्टेशनापासून तीन किलोमीटरचा "आठवणींचा रस्ता" आहे, कैद्यांना ज्या बाजूने नेत त्या बाजूने, मध्ये माहितीच्या पाट्या. प्रवेश फुकट, ऑडिओगाइडला थोडे पैसे पडतात. किमान चार तास हातात ठेव. मैदानात वारं फार लागतं, मे महिन्यातही जाकीट घे. गावात वरच्या टेकडीवर जुना राजवाडा आहे, एकोणिसाव्या शतकात हे चित्रकारांचं गाव म्हणून प्रसिद्ध होतं. तिथल्या माणसाला "कुठले तुम्ही" विचारलं की काय वाटत असेल, असा विचार मी परत येताना करत होतो.

आप्पा काल परत गेले. दोघं नीट पोचले, मिरजेहून फोन आला. आप्पा प्रवासात हिशेबाची वही ठेवतात, ती इथे सोफ्यावर राहिली. परत पाठवायच्या आधी चाळली. प्रत्येक दिवसाचं एक पान. न्यूरेंबर्ग: तिकीट इतके, कॉफी तीन इतके (महाग). डाखाऊच्या पानावर:

बस, लोकल – मुलाने काढले.
प्रवेश – नाही.
चहा – घेतला नाही.

आणि खाली, दोन ओळी सोडून, रकाना आखून:

टोपी – १
ओव्हरकोट – १
कोट – १
विजार – १
वेस्कोट – १
बूट – १ जोड
सही – आहे.